त्वचाविकारांचे अचूक कोडिंग : केस पेपरापासून कोडपर्यंत

मिरजेच्या दवाखान्यांत सांगली जिल्ह्याबरोबरच कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या अथणी, चिक्कोडी, विजयपूर भागांतून रुग्ण येतात, त्यामुळे इथल्या मेडिकल रेकॉर्ड विभागांत केस पेपरांचा ओघ कधी थांबत नाही. बी.फार्म., नर्सिंग, बी.एस्सी. किंवा बीएचएमएस झालेली अनेक मुले-मुली अलीकडे या विभागांत रुजू होतात, तर काही जण अमेरिकेतील दवाखान्यांचे कोडिंग करणाऱ्या कंपन्यांसाठी काम करतात. कोडिंग म्हणजे केस पेपरातील निदानाला आणि उपचाराला ठरावीक यादीतला अक्षर-अंकांचा कोड देणे. दोघांनाही सुरुवातीला सर्वांत सोपे वाटणारे आणि प्रत्यक्षात सर्वाधिक फसवणारे प्रकरण म्हणजे त्वचाविकार. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यातील प्रत्येक पायरी एकाच नियमावर उभी आहे: डॉक्टरांनी जे लिहिले आहे तेवढेच कोडमध्ये यावे, आणि जे लिहायला हवे होते पण राहून गेले, ते अंदाजाने भरून न काढता विचारून लिहून घ्यावे.

पुस्तकात कोडचे पहिले अक्षर रोमन लिपीत असते. या लेखात ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहे.

पहिली पायरी : कोणत्या पुस्तकातून कोड द्यायचा आहे, ते ठरवणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणाला १९९० मध्ये मान्यता मिळाली आणि १९९४ पासून ते सदस्य देशांत वापरात आले. भारतातील रुग्णालये आजारांची आकडेवारी याच वर्गीकरणानुसार ठेवतात. अमेरिकेने त्यावरून स्वतःची विस्तारित आवृत्ती तयार केली. तिला आयसीडी-१०-सीएम म्हणतात आणि ती तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्तीची आहे. मूळ वर्गीकरणात कोड बहुधा चार अक्षर-अंकांचा असतो, तर अमेरिकी आवृत्तीत तो सातपर्यंत जातो. पायाच्या सेल्युलायटिससाठी, म्हणजे त्वचा व त्वचेखालील ऊतींच्या जिवाणू-संसर्गासाठी, मूळ पुस्तकात एल०३.१ एवढे पुरते. अमेरिकी पुस्तकात उजव्या पायाला एल०३.११५ आणि डाव्या पायाला एल०३.११६ असे वेगळे कोड आहेत. एका पुस्तकाची सवय दुसऱ्या पुस्तकाच्या कामात शिरली की चुका सुरू होतात, म्हणून कामाला बसताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

अमेरिकी आवृत्ती दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलते, आणि उपचाराच्या किंवा डिस्चार्जच्या तारखेला जी आवृत्ती लागू होती तीच वापरावी लागते. ३० सप्टेंबरची भेट ऑक्टोबरात कोड करायला आली तरी तिला जुनीच यादी लागते. याशिवाय आयसीडी-११ हे नवे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले असून त्यात त्वचेचे प्रकरण पूर्णपणे नव्याने रचलेले आहे; सोरायसिसचा एल४० तिथे ईए९० होतो. त्याची ओळख करून घ्यावी, पण आज हाती असलेले काम ज्या पुस्तकाचे आहे त्याच पुस्तकात करावे. शासकीय आरोग्य योजनांच्या पॅकेजचे कोड ही आणखी निराळी गोष्ट आहे, आणि त्यांची आयसीडीशी गल्लत करू नये.

दुसरी पायरी : आजार कोणत्या प्रकरणात आहे, ते शोधणे

त्वचा आणि त्वचेखालील ऊतींचे प्रकरण एल०० ते एल९९ असे आहे, आणि नवोदित कोडर प्रत्येक त्वचाविकार त्यातच शोधत बसतो. प्रत्यक्षात आपल्याकडच्या त्वचारोग विभागात रोज दिसणारे कितीतरी आजार या प्रकरणाबाहेर आहेत. गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग असल्यामुळे बी३५ मध्ये जातो, आणि तिथेही जागेनुसार कोड बदलतो: अंगावर असेल तर बी३५.४, जांघेत बी३५.६, पावलावर बी३५.३, नखात बी३५.१. एकाच रुग्णाला अंगावर आणि जांघेत दोन्हीकडे गजकर्ण असल्याचे लिहिले असेल तर दोन कोड द्यावे लागतात. खरूज बी८६, नागीण बी०२, चामखीळ बी०७, कुष्ठरोग ए३०, भाजणे टी२० ते टी३२, त्वचेचा कर्करोग सी४३ आणि सी४४, जन्मजात इक्थिओसिस (खवल्यांसारखी कोरडी त्वचा) क्यू८० अशी ही विखुरलेली मंडळी आहेत. वर्गीकरण आधी आजाराचे कारण पाहते आणि मग अवयव, हे लक्षात आले की शोध सोपा होतो.

रुग्णाने सांगितलेले नाव आणि डॉक्टरांचे निदान या दोन वेगळ्या नोंदी आहेत. कृष्णाकाठी पुराचे पाणी ओसरल्यावर बायाबापड्या पायाला चिखल्या झाल्या म्हणून येतात. त्या चिखल्या गजकर्णाच्या बुरशीच्या असू शकतात, कॅन्डिडा या दुसऱ्या बुरशीच्या असू शकतात किंवा जिवाणूंच्याही असू शकतात, आणि तिन्हींचे कोड वेगळे आहेत. रुग्णाचा शब्द तक्रारीच्या रकान्यात जसाच्या तसा राहावा, पण कोड मात्र निदानाच्या ओळीतूनच घ्यावा.

पांढऱ्या डागांच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी. पांढरा डाग ‘कोड’ या आजाराचा, म्हणजे व्हिटिलिगोचा, असेल तर एल८०, शिबे असेल तर बी३६.०, लहान मुलांच्या गालावरचा पिटिरिअॅसिस अल्बा असेल तर एल३०.५, आणि बधिर असेल तर कदाचित ए३० मधला कुष्ठरोग. आपल्या समाजात या डागांवरून आजही लग्ने मोडतात आणि माणसे दुरावतात. मुलीच्या कागदपत्रावर चुकून पडलेला एक कोड पुढे विम्याच्या अर्जात, बदलीच्या दाखल्यात, दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकात तिच्या मागे जातो, आणि तो पुसायला कोणी बसलेले नसते. ज्याला हे काम करायचे आहे त्याने एवढी जबाबदारी मनापासून मानली पाहिजे.

तिसरी पायरी : टिपणात काय आहे आणि काय नाही, ते वाचणे

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. तासगाव किंवा शिराळा भागातला एक शेतकरी डोळ्यांभोवती, मानेवर आणि हातांवर खाजरा, लालसर पुरळ घेऊन आला, अशी कल्पना करू. बांधावरचे गाजरगवत उपटल्यावर हा त्रास वाढतो असे तो सांगतो. आजार एकच आहे, पण डॉक्टरांच्या लेखणीतून काय उतरते त्यावर त्याचा कोड चार-पाच वेळा बदलू शकतो.

टिपणात केवळ ‘पुरळ’ लिहिले असेल तर कोड आर२१, म्हणजे निदान न झालेले एक लक्षण. ‘डर्माटायटिस’ एवढेच असेल तर एल३०.९, म्हणजे प्रकार न सांगितलेला त्वचादाह. ‘गाजरगवतामुळे कॉन्टॅक्ट डर्माटायटिस’ लिहिले, पण तो अॅलर्जीचा की दाहक संपर्काचा हे सांगितले नाही, तर एल२५.५. ‘दाहक’ म्हणजे इरिटंट असे स्पष्ट लिहिले तर एल२४.७, आणि ‘अॅलर्जिक कॉन्टॅक्ट डर्माटायटिस, गाजरगवतामुळे’ असे पूर्ण लिहिले तर एल२३.७. गाजरगवताचा त्रास बहुतेकदा अॅलर्जीचाच असतो, हे कोडरला माहीत असले तरी त्याने ‘अॅलर्जिक’ हा शब्द स्वतःहून घालू नये. तो शब्द डॉक्टरांनीच लिहायला हवा.

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सुरू होते आणि कीटकनाशकाने हात-तोंड उलल्याचे रुग्ण वाढतात. तिथेही अॅलर्जिक असेल तर एल२३.५ आणि इरिटंट असेल तर एल२४.५. गवंड्याचा सिमेंटचा त्रास याच दोन कोडांत येतो, मात्र डॉक्टरांनी क्रोमियम या धातूची अॅलर्जी असे नेमके लिहिले असेल तर तो एल२३.० मध्ये जातो. म्हणून व्यवसाय, संपर्कात आलेली वस्तू आणि संपर्क व त्रास यांमधला काळ या तीन गोष्टी केस पेपरात असल्याच पाहिजेत.

डॉक्टरांकडून अपेक्षित असलेले त्वचेच्या टिपणाचे सर्वसाधारण रूप नवोदिताने पाठ करून ठेवावे. शरीराचा भाग आणि बाजू, आजाराचा नेमका प्रकार, कारण माहीत असल्यास ते, डागाचा किंवा व्रणाचा सेंटिमीटरमधला आकार आणि संख्या, आजार नवा की जुना, आणि सोबतचे आजार या सर्व गोष्टी त्यात याव्यात. सोरायसिस एवढेच लिहिले की एल४०.९ मिळतो, ‘प्लाक’ लिहिले की एल४०.०, ‘गटेट’ लिहिले की एल४०.४, आणि सांधेही दुखत असून डॉक्टरांनी तो संबंध नोंदवला असेल तर एल४०.५ या गटात जावे लागते. रुग्णाने औषधाच्या दुकानातून आणून लावलेल्या मलमाचे नावही लिहिलेले असावे, कारण स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने गजकर्णाचे रूप इतके बदलते की पुढच्या तपासणीत ओळख पटेनाशी होते.

‘अनिर्दिष्ट’ कोड देणे ही काही लाजिरवाणी गोष्ट नाही. टिपणात खरोखरच अधिक माहिती नसेल आणि विचारूनही मिळाली नसेल, तर तोच प्रामाणिक कोड आहे.

संशयित निदानाबाबत अमेरिकी नियम स्पष्ट आहेत. बाह्यरुग्णाच्या टिपणात ‘शक्यता’, ‘संशय’, ‘नाकारायचे आहे’ असे शब्द असतील तर तो आजार कोड करायचा नाही, जे लक्षण दिसते ते कोड करायचे. दाखल रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळीही निदान ‘संभाव्य’ असेच राहिले असेल तर मात्र ते झाल्याप्रमाणे कोड करता येते.

चौथी पायरी : आधी अनुक्रमणिका, मग तपशीलवार यादी

वर्णानुक्रमणिकेत आजाराचे मुख्य नाव शोधावे, तिथून मिळालेला कोड तपशीलवार यादीत उघडावा, आणि त्याच्या वरच्या-खालच्या सगळ्या सूचना वाचूनच तो लिहावा. अनुक्रमणिकेतून थेट कोड उचलणे ही घाईची सवय आहे. अमेरिकी पुस्तकात वगळण्याच्या सूचना दोन प्रकारच्या असतात: पहिल्या प्रकारात ते दोन आजार सहसा एकत्र कोड करायचे नसतात, तर दुसऱ्या प्रकारात रुग्णाला दोन्ही असल्यास दोन्ही देता येतात.

औषधाने उठलेल्या पुरळासाठी दोन कोड लागतात. सर्वांगावर असेल तर एल२७.०, ठरावीक जागी असेल तर एल२७.१ हा आधी, आणि त्यानंतर टी३६ ते टी५० मधला त्या औषधाच्या दुष्परिणामाचा कोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ पुस्तकात औषधासाठी वाय४० ते वाय५९ हा गट आहे. औषध योग्य मात्रेत, सांगितल्याप्रमाणे घेतले होते का, हे टिपणात असायला हवे, कारण चुकीने जास्त घेतले असेल तर ती विषबाधा ठरते आणि कोडांचा क्रमही उलटा होतो.

पाचवी पायरी : व्रण आणि जखमा

उसाच्या फडात किंवा बागेत अनवाणी चालणारा मधुमेही रुग्ण आणि त्याच्या टाचेची न भरणारी जखम हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र आहे. ‘डावा पाय, जखम, ड्रेसिंग केले’ या टिपणातून कोडरला जवळजवळ काहीच मिळत नाही. तेच टिपण पुढीलप्रमाणे असेल तर सगळे मिळते: ‘टाइप २ मधुमेह, डाव्या टाचेवर मधुमेही व्रण, ३ बाय २ सेंमी, चरबीचा थर उघडा, हाड दिसत नाही, इन्सुलिन चालू.’ यावरून अमेरिकी पुस्तकात ई११.६२१ आधी, मग डाव्या टाचेचा व चरबीचा थर उघडा पडल्याचा एल९७.४२२, आणि इन्सुलिनसाठी झेड७९.४ असे तीन कोड क्रमाने मिळतात. मूळ आयसीडी-१० मध्ये मधुमेही व्रण ई११.५ मध्ये येतो. व्रणाची खोली स्नायूपर्यंत की हाडापर्यंत, आणि तिथे ऊती मृत झाल्या आहेत की नाहीत, यावर शेवटचा अंक ठरतो, म्हणून खोली लिहिल्याशिवाय टिपण पूर्ण होत नाही.

दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे बेडसोर एल८९ मध्ये येतात. त्यांचे निदान डॉक्टरांनी लिहिलेले असावे लागते, पण टप्पा कोणता हे परिचारिकेच्या नोंदीतून घेण्याची अमेरिकी नियमांनी मुभा दिली आहे. माकडहाडाजवळच्या व्रणावर काळी खपली किंवा मृत थर असल्याने टप्पा ठरवताच येत नसेल तर एल८९.१५०, आणि टप्पा ठरवता आला असता पण कोणी लिहिलाच नाही, तर एल८९.१५९. पहिला कोड रुग्णाची अवस्था सांगतो, दुसरा नोंदीतली उणीव सांगतो, आणि तपासणीच्या वेळी हा फरक लगेच उघड होतो. व्रण दाखल होतानाच होता की रुग्णालयात झाला, हे पहिल्याच दिवशी पाठ आणि टाचा पाहून लिहिले गेले पाहिजे.

सहावी पायरी : गाठी, बायोप्सी आणि प्रक्रिया

गाठ काढल्यावर विकृतिशास्त्राचा (पॅथॉलॉजीचा) अहवाल येईपर्यंत कोड अंतिम करू नये. ‘अनिश्चित वर्तनाची गाठ’ असा अर्थ असलेला डी४८.५ पुष्कळ नवोदित कोडर, डॉक्टरांना खात्री नसेल तेव्हा, वापरतात, आणि अमेरिकी कामात ते चूक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही विकृतिशास्त्रज्ञाला ती साधी की कर्करोगाची हे ठरवता आले नाही, तरच तो कोड लागतो. अहवाल आलेलाच नसेल आणि टिपणात फक्त ‘ट्यूमर’ किंवा ‘निओप्लाझम’ म्हटले असेल तर तिथे डी४९.२ आहे.

अमेरिकी दवाखान्यांच्या प्रक्रियांसाठी सीपीटी ही वेगळी कोडमालिका आहे. तिचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे असून ती परवान्यानेच वापरता येते. त्वचेच्या बायोप्सीचे कोड २०१९ पासून पद्धतीनुसार विभागले आहेत: पृष्ठभागालगत खरवडून घेतलेली १११०२, पंच बायोप्सी १११०४, आणि छेद देऊन घेतलेली १११०६. एका आकड्याच्या फरकाने निराळीच प्रक्रिया नोंदली जाते, म्हणून कोड टाइप केल्यावर त्याचे वर्णन पुन्हा वाचावे. गाठ कापून काढताना आकार म्हणजे गाठीचा सर्वांत मोठा व्यास अधिक दोन्ही बाजूंचे मार्जिन, म्हणजे गाठीसोबत काढलेला भोवतालच्या त्वचेचा काठ. पाठीवरची १.२ सेंमीची साधी गाठ प्रत्येक बाजूला ०.३ सेंमी सोडून काढली तर आकार १.८ सेंमी होतो आणि कोड ११४०२. तीच कर्करोगाची निघाली तर ११६०२. हे माप कापण्यापूर्वी घेऊन लिहावे, कारण काढलेला तुकडा आक्रसतो आणि प्रयोगशाळेच्या अहवालातले माप लहान येते. जखमेचा साधा टाका यात धरलेलाच असतो, त्याचा वेगळा कोड देऊ नये. मृत ऊती काढण्याच्या प्रक्रियेत व्रण किती खोल आहे ते पाहायचे नसते, प्रत्यक्षात किती खोलीपर्यंतची ऊती काढली आणि किती चौरस सेंटिमीटर काढली ते पाहायचे असते.

सातवी पायरी : डॉक्टरांना विचारणे

नवोदितांना डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, तो सोडावा. मात्र प्रश्न असा असावा की उत्तर त्यात दडलेले नसेल. ‘सर, हे सेल्युलायटिसच आहे ना?’ असे विचारणे म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी निदान घालणे होय. त्याऐवजी असे लिहावे: ‘सर, दि. १२ च्या टिपणात डाव्या पोटरीवर लाली, सूज व उष्णता नोंदली असून प्रतिजैविक सुरू केले आहे. या स्थितीचे निदान कृपया नोंदवावे.’ टिपणातील खुणा दाखवायच्या, निष्कर्ष त्यांच्यावर सोडायचा. बहुतेक डॉक्टर अशा नेमक्या प्रश्नाला लगेच उत्तर देतात.

उत्तर आल्यावर जुन्या टिपणावर खाडाखोड करू नये. चूक असलेल्या ओळीवर एकच रेघ मारून, सही, तारीख व वेळ घालून दुरुस्ती करावी. उशिरा केलेली नोंद ती प्रत्यक्ष लिहिली त्या दिवशीच्याच तारखेने आणि उशिराची नोंद असे म्हणूनच लिहावी. व्हाइटनर लावलेला केस पेपर कोणत्याही चौकशीत संशयास्पद ठरतो. भारतातील २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांनुसार दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत द्यावे लागतात, म्हणजे हे टिपण रुग्ण स्वतः वाचणार आहे असे धरूनच चालावे.

त्वचारोगात छायाचित्र हा नोंदीचा मोलाचा भाग असतो. ते रुग्णाच्या लेखी संमतीने, शेजारी मोजपट्टी ठेवून, तारीख व शरीराची बाजू नोंदवून काढावे, आणि गरज नसेल तर चेहरा टाळावा. असे छायाचित्र कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी ते गैरच ठरले असते.

सरावासाठी

आयसीडी-१० आणि आयसीडी-११ जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, अमेरिकी आवृत्तीच्या फायलीही तिथल्या शासनाने खुल्या ठेवल्या आहेत. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची यादी भारतात मोफत वापरता येते, आणि त्याचे काम पाहणारे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या शासकीय संगणक-संशोधन संस्थेत आहे. एएपीसी या कोडरांच्या अमेरिकी संस्थेची सीपीसी ही कोडिंगची परीक्षा बहुतेक कंपन्या विचारात घेतात. याच संस्थेचे त्वचारोगाच्या कोडिंगचे सीपीसीडी हे प्रमाणपत्र अनुभव आल्यावर घेण्यासारखे आहे. महागडा वर्ग लावण्यापूर्वी शरीररचना आणि त्वचेच्या थरांचा पक्का अभ्यास करावा, कारण खोली कळली नाही तर व्रणाचे कोड कळत नाहीत.

रोजच्या कामातून एक वही ठेवावी आणि प्रत्येक अनिर्दिष्ट कोडापुढे कोणती माहिती नव्हती ते लिहावे: बाजू, प्रकार, कारण, खोली की आकार. महिनाभराने ती वही विभागप्रमुखांना दाखवावी. तीच उणीव वारंवार येत असेल तर बाह्यरुग्ण विभागाच्या केस पेपरावर मारायला एक रबरी शिक्का करून घ्यावा, ज्यात जागा, बाजू, प्रकार, संपर्कातील वस्तू, सेंटिमीटरमधील आकार आणि लावलेले मलम एवढे रकाने असतील. डॉक्टरांना ते भरायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.